राजेंद्रनं क्लच उघडला तेव्हा

गाडी जागेवरून उठताना हादरली, तर तुम्ही आधी कुठं बघता? बॉनेटकडं, की चालवणाऱ्याच्या पायाकडं? आणि स्टिअरिंगवर बाई बसलेली असली तर? खरं सांगा, इथं कुणी ऐकत नाही.

राजेंद्रनं पायाकडं बघितलं. ही त्याचीच हकीकत.

वाळूजच्या एमआयडीसीला चिकटून रांजणगाव आहे. तिथल्या एका अरुंद गल्लीत राजेंद्रचं घर. दारात निळा झेंडा, भिंतीला टेकवलेली सायकल आणि समोर उभी जुनी, पांढरी, चार दरवाजांची छोटी गाडी. मोटारींचे क्लच बनवणाऱ्या एका कारखान्यात त्याची उमर गेली. कारखान्याचं नाव लिहीत नाही, फुकटची जाहिरात कशाला करायची. आधी तो लाइनीवर होता. वजनं उचलून पाठ गेली, तेव्हा त्याला वॉरंटीच्या टेबलावर बसवलं.

हे वॉरंटीचं टेबल काय असतं ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिथूनच निघालं. खराब झालेले क्लच देशभरातून तिथं परत यायचे. कुठला जयपूरचा, कुठला नागपूरचा, कुठला पार आसामातला. राजेंद्रनं प्लेट हातात घ्यायची, उजेडात फिरवायची, नाकाला लावायची आणि निकाल द्यायचा. टेबलाच्या दोन बाजूंना दोन क्रेट. हिरव्या क्रेटात टाकली तर दोष कंपनीचा, गिऱ्हाइकाला नवा क्लच फुकट. लाल क्रेटात टाकली तर दोष चालवणाऱ्याचा, त्यानं आपलं आपण बघावं.

प्लेट करपलेली असली, लोखंडावर निळे डाग पडलेले असले, तर ओळखायचं की हा गडी क्लचवर पाय ठेवूनच गाडी चालवतो. लाल क्रेट. इथवर सगळं ठीक होतं. पण काही प्लेटा तेलानं माखलेल्या यायच्या. इंजिनाच्या मागच्या अंगाला एक रबरी सील असतं, ते कडक झालं की तेल झिरपतं आणि प्लेटेवर जातं. मग गाडी उठताना थरथरते. त्यात क्लच बनवणाऱ्याचा दोष नाही आणि चालवणाऱ्याचाही नाही. राजेंद्रनं सुरुवातीला साहेबाला विचारलं होतं, "साहेब, ही कुठं टाकू?" साहेब मोबाइलमधून मान वर न करता म्हणाले, "हिरव्यात टाकू नको, एवढं ध्यानात ठेव."

तिसरा क्रेट नव्हता. मग तीही लाल.

रोज तेच काम केलं की हाताला वळण लागतं, आणि हाताचं वळण डोक्यात शिरतं. राजेंद्र घरी येऊन कपडे बदलायचा, पण ते दोन क्रेट त्याच्याबरोबर घरात यायचे. भाजी खारट झाली, कुणाचा दोष. नळाला पाणी येऊन गेलं आणि भरलं नाही, कुणाचा दोष. पोरगी मेघा बारावीला गणितात राहिली, कुणाचा दोष. निकाल लागल्याशिवाय त्याला घास गिळत नसे. आणि घरात कंपनीच्या जागी तो स्वतःच असायचा, त्यामुळं हिरवा क्रेट कायम रिकामा.

माणूस वाईट नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. जयंतीच्या वर्गणीत त्यानं कधी हात आखडला नाही, कुणाच्या दारूच्या ग्लासाला शिवला नाही, मेघाला नर्सिंगला घातली आणि पुण्याला नोकरीला जाऊ दिली. पण त्या टेबलावर बसून त्याला एक गोष्ट पक्की शिकवली गेली होती: यंत्र चुकत नाही, माणूस चुकतो. कारखानदाराला हेच पाहिजे असतं. आणि आपले लोक ही शिकवण पगारासोबत घरी आणतात.

त्याची बायको सुलेखा अंगणवाडीत सेविका. जिल्हा परिषदेच्या गेटवर पोलिसाच्या डोळ्याला डोळा भिडवून घोषणा देणारी बाई ती. घरात मात्र नवऱ्याचा निकाल गप्प ऐकून घ्यायची. असं का, ते मला विचारू नका. मोर्चातल्या कुठल्याही बाईला विचारा, ती सांगेल.

गाडी घेतली तेव्हा दोघांनीही क्लास लावला. राजेंद्र परीक्षेत पहिल्यांदा नापास झाला, मैदानावर गाडीनं आठचा आकडा काढताना ती खांबाला घासली. सुलेखा पहिल्याच फटक्यात पास. ती गल्लीतून गाडी काढायची तेव्हा बाया दारात येऊन बघायच्या. शेजारचा कडुबा, फुलंब्रीकडचा, एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेला, ओट्यावरून ओरडायचा, "वहिनी, डेपोत जागा हाय, अर्ज टाका." ती हसायची, आणि हसता हसता आरशात बघून बरोबर वळण घ्यायची.

पुढं गाडी थरथरायला लागली. आधी नुसता बारीक कंप, पहिल्या गिअरात टाकून क्लच सोडताना. मग वाढत वाढत म्हशीनं पाण्यातून निघून अंग झाडावं तसे हादरे. एकदा वेग घेतला की गाडी शांत. नेमकी उठतानाच ही तऱ्हा.

"क्लचवर पाय ठेवतीस तू," राजेंद्र म्हणाला.

"नाय ओ. पुरता सोडते मी."

"मला सांगतीस? हजारो प्लेटा बघितल्या मी. हे सगळं हाफ क्लचचं काम."

"अहो, पण गाडीतच कायतरी हाय. तेलाचा वास बी येतोय."

"गाडी तेलावरच चालती. अत्तराचा येईल का?"

मेघा तेव्हा घरी होती, ती हसली. सुलेखाही हसली. निकाल लागला होता, प्लेट लाल क्रेटात गेली होती. पण खरी वाट लागली ती घाटात.

सुलेखाची आई भामाबाई मिटमिट्याला राहायची, मुलाकडं. बहात्तरच्या दुष्काळात दौलताबादच्या पुढच्या घाटाच्या रस्त्यावर तिनं खडी फोडली होती. सरकारी कामावर, पोटात पोर घेऊन. त्या रस्त्यानं ती नंतर एसटीत गेली, टेम्पोत गेली, लग्नाच्या वऱ्हाडात गेली. तिला एकदा लेकीच्या गाडीतून जायचं होतं. म्हैसमाळपर्यंत. "माझी खडी, माझ्या लेकीचं चाक," असं ती अख्ख्या मिटमिट्याला सांगून बसली होती.

पावसाळ्यातला रविवार ठरला. भामाबाई नवं लुगडं नेसून पुढच्या सीटवर बसली. "मला रस्ता समोरून बघायचाय," म्हणाली, म्हणून जावई मागं. सुलेखा स्टिअरिंगवर. दौलताबादपर्यंत सगळं झकास. म्हातारी एकेक खूण दाखवत होती. इथं मुकादमाची झोपडी व्हती, इथं सुकडी वाटायचे, इथं एका बाईला साप चावला.

ज्यांनी तो रस्ता बघितलाय त्यांना माहीत आहे. किल्ल्याच्या पुढं चढावर जुना दगडी दरवाजा आहे, आणि त्यातून एका वेळी एकच गाडी जाते. रविवारी, पावसाळ्यात, सगळं शहर डोंगराकडं निघालेलं. गाड्यांची रांग लागलेली. एक गाडी सरकली की आपण सरकायचं, थांबायचं, परत चढावर गाडी उठवायची. सुलेखानं एकदा उठवली, हादरली. दुसऱ्यांदा उठवली, जास्त हादरली. तिसऱ्यांदा इतकी थरथरली की भामाबाईच्या हातातली पाण्याची बाटली खाली पडली, आणि गाडी बंद पडून हातभर मागं आली. मागच्या जीपवाल्यानं हॉर्नवरून हातच काढला नाही.

"क्लच सोड म्हणतो ना."

"सोडलाय. हे बघा, सोडलाय."

"मग काय भूत हाय का गाडीत? उतर."

"थांबा ना जरा, निघंल."

"उतर खाली. पायात अक्कल नाय आन् डोंगर चढायला निघाली."

सुलेखा उतरली. दोन्ही बाजूंच्या गाड्यांतून लोक बघत होते, एक पोरगा मोबाइल धरून होता. साडीचा काठ चिखलात लागू नये म्हणून तिनं निऱ्या धरल्या, गाडीच्या मागून वळसा घालून आली आणि मागच्या सीटवर बसली. राजेंद्र पुढं बसला. त्यानं अॅक्सिलरेटर दाबून दाबून, इंजिन बोंबलवत गाडी दरवाजातून काढली. त्याच्या पायाखालीही ती तशीच हादरली, तसूभर कमी नाही.

भामाबाई समोर बघत म्हणाली, "जावईबापू, तुमच्या बी पायाखाली हालतीयच की."

"तिनं वाट लावून ठेवल्यावर हालणारच."

म्हातारीनं मग खडीचा विषय काढला नाही. घाट चढून गेल्यावर म्हणाली, "इथूनच फिरवा. म्हैसमाळ पुन्हा बघू. लेक आणील मला." राजेंद्रनं गाडी फिरवली.

त्याच हिवाळ्यात भामाबाई झोपेतच गेली. म्हैसमाळ राहिलं.

सुलेखानं त्या रविवारी घरी येऊन चावी खिळ्याला टांगली, ती परत काढली नाही. भांडली नाही, रडली नाही. अंगणवाडीत जायला शेअर रिक्षा. मिटमिट्याला जायला बस. राजेंद्र म्हणाला, "चालव की, कोण नको म्हणतंय," तर म्हणाली, "असू द्या, माझा पाय जड हाय." त्याला वाटलं, कबूल केलं. निकाल बरोबर निघाल्यावर टेबलावरच्या माणसाला बरं वाटतं, तसं त्याला बरं वाटलं.

आणि गाडी? ती काय आता शहाणी झाली होती? सुलेखाचा पाय गाडीवरून गेला, हादरे गेले नाहीत. राजेंद्रला हे पहिल्याच आठवड्यात कळलं. कळल्यावर त्यानं काय केलं, ते ऐका. त्यानं गाडी गल्लीच्या उताराकडं तोंड करून लावायला सुरुवात केली, म्हणजे सकाळी नुसती सोडली की आपसूक चाक फिरायचं आणि चालत्या गाडीत क्लच सोडला की थरथर यायची नाही. सिग्नलला तो लांबूनच हळू व्हायचा, पुरतं थांबायची वेळच येऊ द्यायचा नाही. अगदीच थांबावं लागलं तर रेडिओ मोठा करायचा. गल्लीला दिसायचं, की राजेंद्रच्या पायाखाली गाडी कशी गुमान चालते. दोघांनी मिळून कुठं जायचं असलं तर सुलेखाही मागं बसलेली असायची, खिडकीबाहेर बघत. त्याच्या पोटात कुठंतरी खरं काय ते माहीत होतं. पण लाल क्रेटात टाकलेली प्लेट परत बाहेर काढायची रीत त्याला कुणी शिकवली नव्हती.

अशी वर्षं गेली. मेघाचं लग्न झालं. कारखान्यानं वॉरंटीचं टेबलच काढून टाकलं. आता म्हणे फोटो टाकायचा आणि कॉम्प्युटर दोष सांगतो. राजेंद्रला शाल दिली, भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि घरी पाठवलं.

घरी बसल्यावर गाडीनंही डाव दाखवला. एका सकाळी गल्लीत रिव्हर्स घेताना तिनं बेडकासारख्या उड्या मारल्या आणि बंद पडली. कडुबा ओट्यावर दात घासत होता. त्यानं चूळ भरली आणि म्हणाला, "राजाभाऊ, गाडीला हिवताप आलाय का रे?"

"क्लच."

"मग टाक की गॅरेजला."

"मी गॅरेजला जाऊ? उमर गेली माझी क्लचमधी."

"तुझी उमर क्लच फेकण्यात गेली, बसवण्यात नाय," कडुबा म्हणाला.

राजेंद्रला ते झोंबलं. पण गॅरेजला न जायचं खरं कारण दुसरंच होतं. गॅरेजवाला गाडी उघडणार आणि चार लोकांत मोठ्यानं बोलणार. काय बोलणार, याची त्याला आतून धास्ती होती. म्हणून त्यानं कारखान्यातल्या एका जुन्या दोस्ताकडून जॅक आणि पान्यांचा सेट आणला, चाकांना विटा लावल्या आणि बाह्या सरसावल्या.

घाई त्यानं केली नाही, हे कौतुकाचं. आधी नीट तपासलं. उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून बघितलं, थरथर नाही. म्हणजे इंजिन नीट. वेगात गेल्यावर थरथर नाही, म्हणजे चाकं नीट. पहिल्यात आणि रिव्हर्समध्ये उठतानाच हादरा, म्हणजे क्लच, नाहीतर इंजिन ज्या रबरांवर बसवलेलं असतं ती माउंटिंगची रबरं. रबर फाटलं असलं तर क्लच सोडताना इंजिन जागेवर उड्या मारतं. ते बघायला बॉनेट उघडून समोर उभं राहावं लागतं, आणि आत कुणालातरी ब्रेक दाबून क्लच हळूहळू सोडावा लागतो.

"बस आत," तो कडुबाला म्हणाला.

"माझ्या डाव्या पायात सळई हाय बाबा. त्या पायाला आता चप्पल घातलेली बी कळत नाय." कडुबानं इकडं तिकडं बघितलं. सुलेखा दारात बसून मेथी निवडत होती. "वहिनी, या बरं. एक पाय पाहिजे आमाला, अनुभवी."

राजेंद्र बॉनेटमध्ये डोकं घालून राहिला. त्याच्यानं स्वतः म्हणवलं नाही.

सुलेखानं थोडा वेळ मेथीकडंच बघितलं. मग हात पदराला पुसले, उठली, आणि दार उघडून स्टिअरिंगवर बसली. सीट राजेंद्रच्या मापाला मागं सरकवलेली होती. तिनं खालची दांडी ओढून ती पुढं घेतली. गाडी कुठंही जाणार नव्हती, चाकाला विटा होत्या, तरी तिनं हात वर करून आरसा नीट केला.

"ब्रेक दाबून ठेव. पहिला टाक. आता सोड, हळू."

तिनं सोडला. राजेंद्र इंजिनाकडं बघत होता. इंजिन जागेवर किंचित डुललं, रबरं शाबूत होती. पण हादरा आला, सगळ्या पत्र्यातून आला, टपावर ठेवलेला पाना खळखळला. आणि या वेळी पाय चुकायला जागाच नव्हती. सोडणं इतकं सावकाश होतं की गाडी कुठं पकडते ते कानाला कळत होतं.

कडुबा दारात वाकून तिच्या पायाकडं बघत होता. "राजाभाऊ, हिकडं ये. ह्यो पाय बघ. मुंगी आली खाली तर ती बी जगंल."

"आणखी एकदा," राजेंद्र बॉनेटआडून म्हणाला.

तिनं आणखी एकदा केलं. परत सांगितलं, परत केलं. बॉनेटच्या फटीतून त्याला काचेमागचा तिचा चेहरा दिसत होता. ती त्याच्याकडं बघत नव्हती. गाडी चालवताना बघतात तशी लांब समोर बघत होती, जिथं गल्लीची भिंत होती. "झालं," तो म्हणाला, तेव्हा तिनं गिअर काढला, हँडब्रेक ओढला, उतरली आणि मेथी घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यानं गाडी उघडायला घेतली. बॅटरीची तार काढली, घमेल्यात गिअरचं तेल सोडलं, चाकांकडं जाणारे दोन्ही एक्सल ओढले, स्टार्टर बाजूला केला, इंजिनाखाली लाकडी ओंडका देऊन जॅक लावला. मग बोल्ट काढून गिअरबॉक्स हलवून हलवून बाजूला सरकवायचा आणि जुन्या टायरवर उतरवून घ्यायचा. पाठ साथ देत नव्हती. कडुबा एका पायावर जोर देऊन गिअरबॉक्स धरून होता आणि तोंडानं चालूच होता, "डेपोत हे मेकॅनिक करायचे. आमी तवर चहा प्यायचो. तुझ्या घरी चहाचा बी पत्ता नाय."

गिअरबॉक्स सुटला. क्लच दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटचे बोल्ट काढले आणि क्लचची प्लेट राजेंद्रच्या हातात आली. त्यानं ती उजेडात फिरवली. नाकाला लावली. जन्मभर केलं तसंच.

निळा डाग एकही नाही. करपलेला वास नाही. जाडी भरपूर शिल्लक, रिव्हिटा खोल बसलेल्या. क्लचवर पाय ठेवून ही गाडी कुणी चालवलेलीच नव्हती. पण एक बाजू काळी, चिकट, तेल लावलेल्या तव्यासारखी चकचकीत. बोट फिरवलं तर बोटाला इंजिनाचं तेल. प्लेट ज्या जड चाकावर टेकते ते फ्लायव्हील काढून मागं इंजिनाचं सील बघितलं, त्याच्या रबराची कड पापडासारखी कडक होऊन चिरली होती. जिथून झिरपलं त्याचा ओघळ वाळून वाळून थर झाला होता. वर्षांचा थर.

"काय निघालं?" कडुबानं विचारलं.

"सील."

"म्हंजी?"

"म्हंजी तेल गळत व्हतं. प्लेटवर."

"कवापासून?"

राजेंद्रनं नखानं तो वाळलेला थर खरवडला.

"मग वहिनीच्या पायाचं काय?" कडुबा म्हणाला. मस्करीत नाही म्हणाला.

प्लेट बघून झाली की राजेंद्रचा हात आपसूक बाजूला जायचा, क्रेटाकडं. तसाच गेला. तिथं गटार होती आणि जुना टायर होता. तो प्लेट हातात धरून बसून राहिला. त्याला आठवलं, अशा काळ्या, चिकट किती प्लेटा त्यानं लालात टाकल्या. जयपूरला, नागपूरला, आसामात कुणीतरी मालकापुढं उभं राहून ऐकून घेतलं असेल, तुझाच पाय, तुझाच दोष. ते लोक त्यानं कधी बघितले नव्हते. या एका पायाला मात्र तो रोज बघत होता. या बाईनं "तेलाचा वास येतोय" म्हणून तोंडानं सांगितलं होतं, आणि त्यानं तिला अत्तराचा विनोद ऐकवला होता.

सुलेखा स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. त्यानं ओट्यावर पेपर पसरला आणि त्यावर प्लेट ठेवली.

"हे बघ."

"तेल सांडंल ओट्यावर."

"सील गेलं व्हतं इंजिनाचं. तेल यायचं प्लेटवर, म्हणून हादरायची. तुझ्या पायाचा काय संबंध नव्हता."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

"मला माहीत व्हतं," ती म्हणाली.

"काय?"

"तुम्ही सकाळी गाडी काढता तवा ही खिडकी उघडी असती. उतारावर लावली तर नाय हालत. समोर कुणी गाडी लावून गेलं, तुमाला रिव्हर्स घ्यावा लागला, की हालती. मग तुम्ही रेडिओ लावता." तिनं भाकरी उलटली. "इतक्या सकाळी बातम्या कोण ऐकतंय."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाला?"

भाकरी फुगली. तिनं ती काढून टोपल्यात टाकली आणि दुसरा गोळा घेतला.

"माझं चुकलं, सुलेखा."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे वाक्य या घरात पहिल्यांदाच बोललं गेलं. ते ऐकून तिचा हात थांबला, पण ती वळली नाही.

"आई गेली ओ," ती म्हणाली. "ती त्या दिवशी घरी जाऊन माझ्या भावाच्या बायकोला, वैनीला, काय म्हणाली म्हायतीय? म्हणाली, पोरगी नीट चालवत व्हती, मी शेजारीच बसले व्हते, मी बघितला तिचा पाय. वैनीनं मला मयताच्या दिवशी सांगितलं. मला वाटायचं आईसमोर लाज गेली. आन् आईला सगळं कळलं व्हतं." तिनं भाकरी परत थापायला घेतली. "तिला वर न्यायचं व्हतं मला. एवढंच व्हतं."

"नवा क्लच बसवतो. तू चालव."

"नाय."

"मी हात जोडतो."

"हात नका जोडू. तुम्ही गाडीत असताना मी स्टिअरिंगवर बसणार नाय. माझा पाय कापतो." ती पहिल्यांदा त्याच्याकडं वळली. "आता खरंच कापतो. काल गल्लीत, विटा लावलेल्या व्हत्या चाकाला, तरी कापत व्हता. कडुबाभाऊंना दिसला नाय, मी मांडीनं दाबून धरला."

काय म्हणायचं याला? जो दोष तिच्या पायात नव्हता, तो त्यानं तिच्या पायात नेऊन घातला. सील बाजारात मिळतं, प्लेट मिळते. हे कुठं मिळतं, सांगा.

राजेंद्रनं क्लच बसवला. फार मन लावून बसवला. नवं सील चारी बाजूंनी सारखं ठोकलं, फ्लायव्हीलवरचं तेल पेट्रोलनं पुसून पुसून आरशासारखं केलं. प्लेट बरोबर मध्यावर यावी म्हणून सुताराकडून लाकडी दांडा घासून आणला. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळले. नवी प्रेशर प्लेट, नवं बेअरिंग, गिअरला ताजं तेल. चाकाच्या विटा काढल्या, गल्लीच्या चढाकडं तोंड करून गाडी उभी केली आणि क्लच सोडला. गाडी उठली तेव्हा बॉनेटवर ठेवलेला चहाचा कपसुद्धा हलला नाही. कडुबानं टाळ्या वाजवल्या. राजेंद्र गल्लीच्या तोंडापर्यंत गेला आणि तिथंच, गाडी चालू ठेवून, स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला. मागं पाण्याचा टँकर येऊन थांबला होता. ड्रायव्हरनं बऱ्याच वेळानं खाली उतरून विचारलं, "काका, तब्येत बरी हाय ना?"

आता तो रविवारी गाडी घेऊन जात नाही. सीट पुढं ओढून ठेवतो, सुलेखाच्या मापाला. आरसा तिच्या उंचीला करतो. काच पुसतो. चावी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, तिला दिसेल अशी ठेवतो, आणि "येतो जरा" म्हणून पायी बाहेर पडतो. जायचं कुठं नसतं. विहारात जाऊन बसतो, कधी कंपनीच्या बंद गेटपाशी उभा राहतो, वॉचमनशी दोन शब्द बोलतो. मुद्दाम वेळ काढतो. त्या वेळात एखादी बाई दौलताबादला जाऊन येईल, वाटलं तर म्हैसमाळलाही.

परत आल्यावर घरात शिरायच्या आधी तो गाडीपाशी थांबतो. कुणी बघत नाही ना ते बघतो, आणि बॉनेटवर तळहात ठेवतो.

बॉनेट थंड असतं. दर रविवारी थंड असतं. आत सुलेखा टीव्ही बघत असते, नाहीतर अंगणवाडीचं रजिस्टर भरत असते. चावी ओट्यावर जिथल्या तिथं. ती विचारते, "आलात?" तो म्हणतो, "आलो." आणि पुढचा रविवार येईपर्यंत दोघंही तो विषय काढत नाहीत.

बापे हो, तुमच्याही घरात एखादीनं लायसन काढून कपाटात ठेवलेलं असेल, आणि ते कुणाच्या बोलण्यामुळं ठेवलं हे तुम्हाला चांगलं ठाऊक असेल. तिचा पाय कापायला लागायच्या आत उठा. आज घरी गेलात की चावी तिच्या हातात द्या, तिला जायचंय तिथं एकटीला जाऊ द्या, आणि तुम्ही कृपा करून घरीच थांबा.